चौथ्या सिलिंडरची कैफियत

कोल्हापूर,
शनिवार, रात्री

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, आणि पत्राबरोबर जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळून, प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक चिकटवून पाठविलेले चार प्लग परवा सुखरूप पोहोचले. प्लग काढताना क्रमांक घालण्याची बुद्धी तुला झाली, याचा मला फार संतोष वाटला; कारण मोटारीच्या दुखण्याचा तपास ज्यांनी जन्मभर केला, अशा कित्येक मिस्त्रींनाही चारही प्लग एकाच डब्यात टाकून पेट्रोलने धुऊन काढण्याची घाई असते, आणि ज्या काजळीने साक्ष द्यावयाची तीच अशा रीतीने प्रथम नाहीशी होते.

तुझी तक्रार मी दोनदा वाचली. पद्मिनीचे हेड घासून तू कॉम्प्रेशन साडेनऊपर्यंत चढविलेस, मूळ कार्बोरेटरच्या जागी ट्विन चोक वेबर बसविलास, पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन व जोरकस कॉइल घातलीस, प्लगची गॅप १.१ मिलिमीटर केलीस आणि प्लगही दोन अंकांनी थंड घेतलेस. आणि इतका सारा फेरफार करून गाडी सपाटीवर उत्तम धावत असली, तरी कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर पुरता दाबताच ती मिसिंग करते, ठसकते, मधूनच कार्बोरेटरातून फटकन आवाज काढते. आणि शहरातल्या गर्दीत अर्धा तास रेंगाळली, की आयडलवरही एखादे सिलिंडर सोडून देते. यावर नवा कार्बोरेटर घ्यावा की नवी कॉइल, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे, की दोन्ही घेऊ नयेत. कारण तू ज्याला एक दुखणे समजतोस ती दोन निरनिराळी दुखणी आहेत, आणि दोहोंचे मूळ तू केलेल्या फेरफारातच आहे.

मिसिंग कोणत्या प्रसंगी होते, हा पहिला प्रश्न. तुझ्या इंजिनात ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरची धाव सुमारे २७२ घन सेंटीमीटर. साडेनऊ कॉम्प्रेशन म्हणजे एवढे मिश्रण अखेरीस अवघ्या ३२ घन सेंटीमीटरच्या जागेत कोंडले जाते. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळे सिलिंडरात मुळात मिश्रणच थोडे शिरते व दाबही बेताचा राहतो. परंतु चढावर थ्रॉटल पुरता उघडला, की सिलिंडर भरून येते आणि ठिणगीला याच कोंदलेल्या, दाट मिश्रणातून वाट काढावी लागते. पाशेन नावाच्या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८८९ मध्ये असे दाखवून दिले, की वायूतून ठिणगी उडण्यास लागणारा विद्युत्दाब हा वायूचा दाब व दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तू हेड घासून दाब वाढविलास आणि त्याच वेळी गॅप उघडून अंतरही वाढविलेस. पॉइंटवर चालणाऱ्या गाडीत मी ०.६ मिलिमीटरच्या पलीकडे सहसा गेलो नाही. तू जवळजवळ दुप्पट गेलास. कॉइल जोरकस आहे म्हणून ती ठिणगी उडवीलच, अशी तुझी समजूत. परंतु विजेला जी वाट सर्वांत सोपी ती ती धरते, आणि ती वाट प्लगच्या टोकांमधूनच गेली पाहिजे असे बंधन तिच्यावर नाही.

आता चौथा प्लग उजेडात धरून पाहा, असे सांगितले असते, पण तो माझ्या टेबलावर आहे. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर बाहेरच्या अंगाने, रबरी टोपीच्या खालून निघून लोखंडी अंगापर्यंत उतरलेली, केसाएवढी काळी रेघ आहे. भिंगाखाली ती स्पष्ट दिसते, नखाने खरवडून जात नाही. आत जाण्यापेक्षा बाहेरून उतरणे सोपे झाले, तेव्हा ठिणगी याच मार्गाने गेली, आणि एकदा कोळशाची रेघ उमटल्यावर तिच्यासाठी तो राजमार्गच झाला. चौथ्याचीच टोपी आधी हरली, याचे कारण ती कडक होऊन तिच्या कडा फाकल्या असाव्यात. हात लावून खातरजमा कर.

कार्बोरेटरातल्या फटक्याची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मला तू पाठविलेल्या छायाचित्राचा उपयोग झाला. बॉनेट उघडल्यावर नीटनेटके दिसावे म्हणून तू तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरच्या एच. टी. लीड एकत्र आवळून बांधल्या आहेस. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे तिसरे पेटते त्या क्षणी चौथे नुकतेच मिश्रणाने भरून कॉम्प्रेशनच्या आरंभी असते, त्यात दाब नाममात्र असतो, आणि शेजारच्या लीडमधून ओझरता शिरलेला थोडासा विद्युत्दाबही तिथे ठिणगी पाडण्यास पुरतो. इनटेक व्हॉल्व्ह अद्याप पुरता मिटलेला नसतो; ज्वाला उलट येते आणि कार्बोरेटरातून आवाज होतो. ती बांधणी आजच सोड. दोन लीडमध्ये बोटभर अंतर राहू दे, आणि जिथे त्या एकमेकींवरून जाणे अटळ असेल तिथे समांतर न नेता काटकोनात ने. तीच गोष्ट पहिल्या व दुसऱ्याची, कारण दुसऱ्यानंतर लगेच पहिले पेटते.

मिश्रण पातळ पडूनही चढावर असेच मिसिंग होते, ही शंका तू घेतली आहेस आणि ती रास्त आहे. विशेषतः आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, आणि शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते तिथे इथेनॉलला ९ भागच पुरते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर जुळविलेले जेट आता पातळ पडतात. याची पारख करण्यास पैसा लागत नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना, शेजारी कोणीतरी जाणते माणूस घेऊन, त्याच चढावर गाडी ठसकू लागली की क्षणभर चोक थोडासा ओढ. मिसिंग थांबले तर दोष मिश्रणाचा, जेट मोठा कर. तसेच राहिले किंवा वाढले तर ठिणगीचा. तुझ्या चारही प्लगांवर पातळ मिश्रणाची पांढुरकी, भाजलेली छटा कुठेही नाही, म्हणून उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, तरीही परीक्षा कर. अंदाजावर पैसे खर्च करू नयेत.

दुसरे दुखणे शहरातले. चारही प्लगांच्या टोकांवर, आणि तिसऱ्यावर अधिक, कोरडी, मखमली काजळी आहे. तेलाचा ओलसर चिकटपणा मात्र कुठे नाही, तेव्हा रिंगांची चिंता करू नकोस. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरच ते आपल्यावरील काजळी जाळून स्वच्छ राहते, आणि ८५० अंशांच्या वर गेले तर तेच निखाऱ्यासारखे होऊन मिश्रण वेळेआधी पेटविते. थंड प्लगाचे चिनी नाक आखूड असते, ते उष्णता लवकर हेडला देऊन टाकते; शर्यतीत सतत पूर्ण जोरात धावणाऱ्या इंजिनाला ते हितावह, परंतु सिग्नलवर उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याचे टोक कधी पुरेसे तापतच नाही. कॉम्प्रेशन वाढविल्यावर एक अंक थंड जाणे मला मान्य आहे. दोन जाणे रस्त्यावरच्या गाडीला जास्त होते. प्लग आणताना आकड्यांची दिशा मात्र विचारून घे: एनजीकेमध्ये अंक वाढला की प्लग थंड, आणि बॉशच्या आजच्या क्रमांकात अंक वाढला की उष्ण.

माझ्या उमेदवारीच्या काळात मद्रासजवळच्या शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींसाठी आम्ही एक फियाट नेली होती. तीही वरच्या आर.पी.एम.वर मिसिंग करू लागली. आम्ही एका रात्रीत जेट बदलले, टायमिंग हलविले, प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलला, आणि सकाळी इंजिन निर्दोष वाजू लागले तेव्हा कृतकृत्य झालो. दुपारच्या शर्यतीत चौथ्या फेरीला ती पुन्हा तशीच ठसकू लागली, आणि मालकाने काय दुरुस्त केले होते असे विचारले, तेव्हा आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. कोल्हापुरास परतल्यावर उद्यमनगरातल्या शेडमध्ये दिवे मालवून इंजिन चालविले, तेव्हा डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतून निळसर रेघ लकलकताना दिसली. टोपी तडकली होती. ते दोन दिवस वाया गेले याचे मला अजून वाईट वाटते, आणि म्हणूनच तुला हा विस्तार लिहीत आहे.

यास्तव तजवीज अशी कर. एक वही घाल, आणि एका वेळी एकच बदल करून, त्याच चढावर त्याच गिअरात गाडी नेऊन काय झाले ते तारखेनिशी लिही. प्रथम लीड सुट्या कर. मग कॉइलच्या धन व ऋण तारा उलट लागलेल्या नाहीत ना ते पाहा. त्या उलट असल्यास मधल्या टोकावरून ठिणगी निघण्यास अधिक विद्युत्दाब लागतो. नंतर गॅप ०.८ वर आण. त्यानंतर प्लगचा अंक. कोणते सिलिंडर मेले हे शोधण्यासाठी चालू इंजिनाच्या लीड हाताने उपटण्याची आमची जुनी रीत तुझ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर मुळीच करू नकोस. सुटी लीड मोड्यूल जाळते, आणि धक्काही जिवावर बेततो. शंका येईल त्या सिलिंडरचा प्लग इंजिन बंद करून शेजाऱ्यात घाल; दोष प्लगबरोबर गेला तर प्लगचा, नाही तर लीडचा, आणि लीडही बदलून तो तिथेच राहिला तर मग कॉम्प्रेशन मोजावे.

सायलेन्सरातून येणारे फटाके तुझ्या मित्रांना आवडतात असे तू लिहिलेस. ते न जळलेले पेट्रोल आहे, आणि त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढतो. त्यांना तसे सांग.

ताईस नमस्कार. पहिला, दुसरा आणि तिसरा प्लग साफ करून परत पाठवीत आहे, जुन्या अंकाच्या परीक्षेपुरते ते चालतील. चौथा ठेवून घेतला आहे. तो पुन्हा बसविण्याच्या लायकीचा नाही.

तुझा,
मामा