रंगवलेली तबकडी

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील चावीच्या मनगटी घड्याळांचा विचार रेल्वेला वगळून करता येत नाही, कारण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत गाडी आल्यानंतर येथील चाकरमान्यांचा दिवस हळूहळू वेळापत्रकाला बांधला गेला. ती वेळही बराच काळ एक नव्हती: एके काळी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबई स्वतःच्या स्थानिक वेळेने, आणि १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' शहराने १९५५ पर्यंत पुरती सोडली नव्हती. लोकलला नाव नसते, तिची वेळ हेच तिचे नाव असते. त्यामुळे डोंबिवलीच्या नोकरदाराच्या मनगटावरील घड्याळ हा दागिना नसून कामाची वस्तू होती, आणि आज संग्राहकाच्या हाती येणारी बहुतेक घड्याळे तशीच वापरून झिजलेली असतात.

प्रस्तुत लेखकाच्या संग्रहात अशा घरांतून आलेली एचएमटीची घड्याळे अधिक आहेत, आणि त्यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध असताना हिंदुस्थान मशीन टूल्सने (एचएमटी) १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचे उत्पादन सुरू केले, आणि जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावे लग्नातील आहेरापासून निवृत्तीच्या निरोपसमारंभापर्यंत सर्वत्र पोहोचली. यांतील अनेक घड्याळांतले यंत्र, ज्याला कारागीर नुसते 'मशीन' म्हणतात, १७ ज्वेलचे असते. ज्वेल म्हणजे घर्षण कमी व्हावे म्हणून चाकांच्या आसांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग उलगडत जाते, तिची शक्ती चाकांच्या साखळीतून पुढे सरकते, आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारे बॅलन्स चाक ती शक्ती तासाला १८,००० ठोक्यांत मोजून सोडते. तबकडीवर छापलेला 'पॅराशॉक' हा शब्द या चाकाच्या नाजूक आसाला धक्क्यापासून वाचवणाऱ्या स्प्रिंगदार बैठकीविषयी असतो, आणि गर्दीच्या वेळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढणाऱ्याइतकी या बैठकीची परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल.

संग्राहकाची खरी शाळा मात्र घड्याळजीचे टेबल ही होय. बाजारात, विशेषतः मुंबईच्या चोरबाजारात, भडक केशरी किंवा मोरपिशी तबकडीचा पायलट सहज मिळतो, परंतु कारागीर डोळ्याला भिंग लावून पाहतो तेव्हा तो रंगाकडे पाहतच नाही. मिनिटांच्या रेघा अंकांच्या मध्याशी जुळतात का, अक्षरांच्या कडा फुगल्या आहेत का, आणि अंधारात चमकणारा लेप काट्यांवर व अंकांवर सारखाच जुना झाला आहे का, हे तो आधी तपासतो. अंकांवरचा लेप तपकिरी आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र असेल, तर काटे बदललेले आहेत असे तो न विचारता सांगतो. त्यानंतर मागचे झाकण उघडून स्क्रूच्या खाचा पाहिल्या जातात, कारण त्या चिरडलेल्या असतील तर मशीन अनेक हातांतून गेले आहे हे उघड होते.

पुन्हा रंगवलेल्या तबकडीच्या आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेल्या अशा घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि त्या शब्दात तुच्छता असते. ही तुच्छता अर्धीच रास्त आहे. मूळ सुटे भाग मिळत नसताना एका बंद घड्याळाचे बॅलन्स दुसऱ्यात घालून ते चालू करणे ही दुरुस्ती होती, फसवणूक नव्हे. खाडीलगतच्या दमट पावसाळ्यात काचेखाली ओल साचून तबकडीवर डाग पडत, आणि ज्याला ते घड्याळ बघून सकाळची गाडी पकडायची होती त्याला जुनेपणाचे कौतुक परवडणारे नव्हते, म्हणून तो तबकडी रंगवून घेई. खोटेपणा सुरू होतो तो हेच घड्याळ 'मूळ अवस्थेतील' म्हणून विकले जाते तेव्हा. या लेखकाच्या मते रंगवलेले घड्याळ संग्रहात जरूर असावे, फक्त त्याच्या नोंदीत तसे लिहिलेले असावे. आणि डागाळलेली, पिवळी पडलेली पण मूळ तबकडी हाती आली तर ती कोणत्याही परिस्थितीत रंगवू नये.

रोज वापरल्या जाणाऱ्या जुन्या घड्याळाला आजच्या काळाचा एक वेगळाच त्रास होतो. चांगले चालणारे मशीन अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते, आणि कारागीर ते उघडण्याआधी त्याच्याजवळ साधे होकायंत्र धरतो. सुई हलली तर मोबाइल, स्पीकर किंवा चुंबकाच्या बटणाची पर्स यांच्या सहवासाने केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू लागली आहेत, असे निदान होते. ते चुंबकत्व काढून टाकण्यास एक क्षणच लागतो. तुटलेल्या आसाचे तसे नाही. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावरची क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त झाली, पुढे जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास मान्यता दिली, आणि तेव्हापासून सुटा भाग मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दुसरे घड्याळ मोडणे हाच उरला. त्यामुळे जुन्या घड्याळजीचे दुकान बंद होत असल्याचे कळले की जाणते संग्राहक काचेच्या कपाटातील घड्याळांची चौकशी नंतर करतात. ते आधी विचारतात, टेबलाच्या खणातले आस, चाव्या आणि बॅलन्स चाके कोणाला देणार आहात.