पायतणाचा विचार



माउली, आपल्या संप्रदायात पायाला जो मान आहे तो क्वचितच कुठे असेल. दोन वारकरी भेटले की आधी वाकतात आणि एकमेकांच्या पायाला हात लावतात. समोरचा वयाने लहान की मोठा, हे कोणी पाहत नाही. पंढरीला जाऊन आपण मागतो तरी काय? त्या पायांवर क्षणभर डोके टेकू दे, एवढेच. आळंदीहून निघते ती पालखी माउलींच्या पादुकांची. देहूहून निघते ती तुकोबांच्या पादुकांची. १६८५ साली नारायण महाराजांनी तो सोहळा सुरू केला. रामायणातल्या भरतानेही सिंहासनावर पादुकाच ठेवल्या. तेव्हा हरिनामाच्या मासिकात बुटांचा विषय कसा, असे कोणाच्या मनात आलेच तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की लाखो माणसे ज्याच्यामागे अडीचशे किलोमीटर चालतात ते एका अर्थी पायतणच आहे.

हा विषय माझ्यापुढे आला तो नातवामुळे. मी खेडचा. आळंदी ज्या खेड तालुक्यात येते ते खेड पुणे जिल्ह्यातले. माझे खेड रत्नागिरीचे, जगबुडीच्या काठचे. चाळीसहून अधिक वर्षे कीर्तनसेवा केली. ती थांबली तेव्हा गळा शाबूत होता, गुडघ्यांनी रजा मागितली. नारदाच्या गादीवर दोन तास उभे राहायचे, मागे टाळकरी, बाजूला मृदंग, आणि भजनाला रंग चढला की पावलीही टाकायची. हे सारे अनवाणी पायांनी. त्या दोन तासांत माणूस शब्दांनी बोलतो खरा, पण त्याला उभे धरतात ते तळपाय.

डॉक्टरांनी सांगितले, ‘बुवा, गोळ्या देतो, पण मांड्यांत बळ आल्याशिवाय गुडघा ऐकायचा नाही.’ वय वाढते तसे स्नायू झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा असे म्हटले आहे. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी धोतर घडी करून ठेवले, सुती पायजमा घातला आणि नातवाबरोबर जिममध्ये जाऊ लागलो. तिथे पहिलाच प्रश्न आला तो बुटांचा. अनवाणी चालणार नाही, हा तिथला नियम. नातू म्हणाला, ‘आजोबा, तुम्हाला मिनिमलिस्ट शूज घेऊ.’

हा काय प्रकार आहे ते मी समजून घेतले, तसेच तुम्हालाही सांगतो. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाचेखाली जाड मऊ गादी असते आणि टाच पंजापेक्षा साधारण आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. या दुसऱ्या प्रकारच्या बुटात तळ पातळ, टाच आणि पंजा एका पातळीत, पुढे बोटांना पसरायला ऐसपैस जागा आणि तळ हाताने वाकवता येईल इतका लवचीक. वजन उचलताना याचा उपयोग होतो. मऊ गादीवर उभे राहून बैठक मारली किंवा जमिनीवरून बार उचलला तर पाय आत-बाहेर डगमगतो. सपाट, टणक तळावर पाय जमिनीला धरून राहतो. गादीवर उभे राहून दळण दळता येत नाही, तसेच हे.

माउली, ‘टाच आणि पंजा एका पातळीत’ हे शब्द ऐकले आणि मला पंढरी दिसली. आपला देव विटेवर समचरण उभा आहे. दोन्ही पाय जोडलेले, सम. पायात काही नाही, पायाखाली एक वीट, हात कमरेवर. युगे लोटली तरी त्या उभे राहण्याला शीण नाही. बुटाच्या कारखान्यात जे शोधतात ते देवाच्या उभे राहण्यात आहे, असा दावा मी करणार नाही. तो ओढून ताणून केलेला अर्थ होईल. पण ज्याने आयुष्यभर समचरणांचे ध्यान केले त्याला तोल म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही, इतके खरे.

पायाची रचना पाहिली तर थक्क व्हायला होते. एका पायात सव्वीस हाडे आणि तेहतीस सांधे. तळपायाची कातडी खडा, ओल, उतार हे सारे क्षणात वर कळवते आणि त्यावरून शरीर तोल सावरते. आपल्या तालमींत पहिलवान लाल मातीत अनवाणी घुमतात ते उगीच नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले. १९६० साली रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. त्यानेच १९६४ साली टोकियोला बूट घालून ती शर्यत पुन्हा जिंकली. दृष्टांत द्यायचा तर दोन्ही वर्षे सांगावीत; पहिलेच सांगणारे पुष्कळ भेटतात.

शास्त्रज्ञांनीही याकडे पाहिले आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा पंजावर उतरतात, त्यामुळे टाचेला बसणारा तडाखा कमी होतो. त्यानंतर अशा बुटांची लाट आली. लाट आली की बाजार येतो आणि बाजार आला की अतिशयोक्ती येते. सुट्या बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत दावा झाला, की इजा टळते, पाय बळकट होतो ही जाहिरात पुराव्याविना केली. २०१४ साली कंपनीने आरोप मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून सांगतो, बुटात चमत्कार शोधू नये. चमत्कार सांगणारा कीर्तनकार असो वा दुकानदार, त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

आता जे खरे सांगायचे आहे ते सांगतो. आमच्या दिंडीत एक वीणेकरी होते. अनवाणी वारीचा त्यांचा नेम. पुढे साखरेचा आजार जडला आणि तळपाय बधिर होत गेले. एका वारीत पायात काहीतरी रुतले ते त्यांना कळलेच नाही. तळावर पोचल्यावर दुसऱ्याने रक्त पाहिले. जखम चिघळली आणि अखेर अंगठा काढावा लागला. ते मला म्हणाले, ‘बुवा, अंगठ्याचं दुःख नाही, नेम मोडला याचं आहे.’ त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही. दुःखात असलेल्या माणसाला निरूपण सांगू नये. आज मात्र तुम्हाला सांगतो. नेम हा वारीसाठी आहे, वारी नेमासाठी नाही. पांडुरंग तुमच्या पायाखाली काय आहे ते मोजत नाही.

पूर्वी वाट मातीची होती. आता पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ साली झाली आणि काँक्रीट आले. काँक्रीट उन्हात तापते आणि मातीसारखे दबत नाही. आमच्या कोकणात तर पावसाळ्यात चिखलातून लेप्टोस्पायरोसिसची भीती; पायाला चीर असेल तर तीच रोगाची वाट होते. तेव्हा ज्यांना साखरेचा आजार आहे, ज्यांचे तळवे बधिर आहेत, त्यांनी अनवाणी चालू नये आणि पातळ तळाच्या बुटांच्या मागेही लागू नये. डॉक्टर सांगतील ते जाड, मऊ पायतण घालावे आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. हेही एक चरणदर्शनच समजा.

ज्यांचे पाय धड आहेत आणि ज्यांना व्यायामाला बूट घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी मी जे केले ते सांगतो. बूट सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर उभे राहून पेन्सिलीने पायाचा आकार काढून न्यावा आणि बूट त्यावर ठेवून पाहावा. कागदावरची बोटे बुटाच्या कडेबाहेर गेली तर तो बूट आपला नव्हे. टेबलावर ठेवून टाच आणि पंजा सम आहेत का ते पाहावे. हाताने वाकवावा, पंजापाशी सहज वाकला पाहिजे. ओल्या फरशीवर घसरत नाही ना, याची खात्री करावी. चामडे नको असेल तर तसे विचारून घ्यावे. परदेशी जोडाची किंमत दहा-बारा हजारांच्या घरातही जाते. मी साधा सपाट कॅनव्हासचा रुंद जोड घेतला. माझ्या कामाला तो पुरतो. धावायला तो मी वापरत नाही, आणि या वयात धावायचेही नाही.

कोणी विचारील, मग आपली कोल्हापुरी काय वाईट? ती थोरच आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेली आणि पायाला मोकळी सोडणारी. पण मागे पट्टा नसल्याने बैठक मारताना ती टाचेवरून सुटते. तिची जागा वाटेवर, व्यायामात नव्हे. आणि वारीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून देणारे चर्मकार बांधव भेटतात, त्यांच्यापुढे तर मी आधी हात जोडतो. पायाची अशी सेवा करणाऱ्याला संत म्हणायला मला कोणतीही पोथी विचारावी लागत नाही.

सवय मात्र सावकाश करावी. जाड तळाची सवय असलेल्या पोटऱ्या आणि टाचेची शीर पातळ बुटात एकदम ताणली जातात. घाई करणाऱ्यांच्या पायाच्या हाडांना इजा झालेली डॉक्टरांनी पाहिली आहे. मी पहिले पंधरा दिवस घरात दहा-दहा मिनिटे घातले, मग खुर्चीवरून हात न टेकता उठण्याच्या बैठका, मग हलके वजन. दुखले की थांबतो. अभंगाची चाल बसायला जो धीर लागतो तोच इथे लागतो.

आता चार महिने झाले. जमिनीवर बसून हरिपाठ म्हटल्यावर भिंत न धरता उठता येते. पूर्ण वारी आता या देहाला झेपणार नाही, हे मी जाणतो आणि त्याची खंत करत नाही. यंदा आषाढीला वाखरी ते पंढरपूर एवढी शेवटची वाट पायी चालायची इच्छा आहे. पायात बूट असतील. चंद्रभागेच्या वाळवंटाशी ते काढीन, पिशवीत घालीन आणि ओल्या वाळूत उभा राहीन. तुमचेही पाय तिथवर पोचोत. ते कशाच्या आधाराने पोचले, हे तिथे कोणी विचारत नाही.

रामकृष्णहरी.