चेंडू पुढे गेल्यावर

रग्बी बघताना नजर चेंडूच्या मागे धावते. रिचर्ड हिलचा खेळ बघायचा तर नजरेची ही खोड मोडावी लागते. इंग्लंडचा हा फ्लँकर बहुतेक वेळा सापडतो तो चेंडू जिथून नुकताच निघून गेला तिथे, माणसांच्या ढिगाऱ्याखालून उठताना.

त्या ढिगाऱ्याला रक म्हणतात. पळणारा गडी टॅकल होऊन पडला की त्याला चेंडू सोडावाच लागतो. पुढे सगळा दोन-तीन सेकंदांचा मामला. आपलं कुणी आधी पोचलं आणि खांदा लावून समोरच्यांना मागे रेटलं, तर चेंडू आपला. हिल पोचलेला असायचा. स्क्रम-हाफ चेंडू उचलून बाहेर फ्लाय-हाफ विल्किन्सनकडे फेकायचा, कॅमेरा तिकडे वळायचा, आणि हा हात टेकत उठून पुढच्या ढिगाऱ्याकडे निघालेला. लग्नघरात एखादा मामा असतो ना, आचाऱ्यापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळं बघणारा आणि अल्बममध्ये कुठेच नसणारा, त्यातलाच हा.

1997 ते 2004 या काळात तो इंग्लंडकडून 71 सामने खेळला. शेजारी लॉरेन्स डलालिओ आणि नील बॅक, बोलबाला त्यांचा. पण हिल तंदुरुस्त असताना प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी त्याला कधी वगळलं नाही.

2001 मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स संघ ऑस्ट्रेलियात मालिकेत 1-0 असा पुढे होता. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या नेथन ग्रेचं कोपर हिलच्या डोक्यावर बसलं आणि त्याला मैदान सोडावं लागलं. मध्यंतराला लायन्स 11-6 ने पुढे होते. सामना 35-14 असा गेला, पाठोपाठ मालिकाही. पराभवाचं खापर एका कोपरावर फोडता येत नाही, हे खरं. तरी त्या दौऱ्याच्या गप्पा निघाल्या की गाडी त्या कोपराशी येऊन थांबतेच.

2003 च्या विश्वचषकात पहिल्याच, जॉर्जियाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. दुसऱ्या एखाद्याला घरी धाडून बदली खेळाडू मागवला असता. वुडवर्डनी आठवडे जाऊ दिले, त्याला थांबवून घेतलं, आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात थेट उतरवलं. दाद म्हणतात ती याला.

अंतिम सामना सिडनीत, 22 नोव्हेंबरला. जादा वेळेत थकलेल्या हिलच्या जागी लुईस मूडी आला. शेवटच्या लाइनआउटला उडी मारून चेंडू घेतला तो मूडीनं. तिथून तो विल्किन्सनच्या उजव्या पायापर्यंत पोचला आणि ड्रॉप गोल झाला. 20-17. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या ड्रॉप गोलच्या वेळी हिल मैदानाबाहेर होता.

पुढे गुडघ्यानं दगा दिला. 2005 मध्ये लायन्सच्या न्यूझीलंड दौऱ्यात पहिल्याच कसोटीत गुडघा पुन्हा गेला, आणि 2008 मध्ये हिलनं खेळ थांबवला.

त्या ड्रॉप गोलच्या चित्रात तो नाही, याचं मला वाईट वाटत नाही. सगळ्यांनीच चित्रात यायचं ठरवलं असतं, तर तोवरच्या दीड तासात ढिगाऱ्यातून चेंडू काढला असता कुणी?