लाल मातीतलं दुर्मिळ झाड

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या अखत्यारीतला बेटांचा प्रदेश आहे. 1774 मध्ये कॅप्टन कुकचं जहाज त्याच्या दक्षिण भागात पोहोचलं, तेव्हा किनाऱ्यावर काळसर सुळके दिसले. जहाजावरच्या काही विद्वानांना ते दगडी खांब वाटले! जवळ गेल्यावर कळलं, की ती तर झाडं आहेत. ती होती अराऊकारियाची. आपल्याकडे बंगल्यासमोर 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे हौसेनं लावतात, ते याच घराण्यातलं. जगातल्या सुमारे वीस जातींपैकी चौदा एकट्या न्यू कॅलेडोनियात आहेत.

त्यातली अराऊकारिया नेमोरोसा ही जात तर मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला, पोर्ट बोआझे उपसागराच्या आसपासच रानात आढळते. इथली माती लालभडक, लोहानं भरलेली. इतर झाडं जिथं कशीबशी जगतात, तिथं ही माथा उंचावून उभी असतात. पण त्याच मातीत निकेलही आहे. वणवे आणि लाकूडतोड होतीच, खाणीही आल्या. आता उरलेत ते झाडांचे तुरळक पुंजके.

मग रोपं करून लावावीत, हे ओघानंच आलं. पण अराऊकारियाची बाजूची फांदी कलम म्हणून लावली, तर ती रुजूनही आडवीच वाढते. सरळ झाड हवं तर शेंडाच छाटायला हवा, आणि दुर्मिळ झाडाचा शेंडा कोण छाटणार? म्हणून भिस्त बियांवर. तेही फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं.

एवढं करून रोपवाटिकेत हिरवीगार रोपं उभी राहिली, की माणूस निर्धास्त होतो. इथंच खरी गोम आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जातीच्या रोपांची जनुकीय तपासणी झाली. रोपवाटिकेतल्या रोपांत रानातल्यापेक्षा वैविध्य कमी आणि जवळच्या नात्यातला संकर जास्त निघाला. रोपं पुष्कळ, पण आयांची संख्या थोडी! दिसायला सगळी सारखीच टवटवीत, त्यामुळे नुसत्या नजरेला हे कळत नाही. अशी रोपं लावून रान भरलं, तरी एखादा रोग आला तर सगळीच एकदम कोलमडण्याचा धोका.

जाणता शेतकरी एकाच कणसाचं बियाणं धरत नाही. इथंही तेच करायला हवं. भरघोस झाडाखाली पिशवी भरून परतायचं नाही. लांबलांबच्या पुंजक्यांतून, जमेल तितक्या झाडांखालून मूठमूठभर वेचायचं आणि कोणतं बी कोणत्या झाडाचं, याची चिठ्ठी रोपाबरोबर ठेवायची.