संगणकाला सांगून ठेवलेलं काम

"चार वाजता पाण्याची मोटर बंद कर हं," असं मुलांना सांगून आपण बाहेर पडतो. संगणकालाही असं काम सांगून ठेवता येतं. नववीला हा भाग शिकवताना वर्गात जी चर्चा झाली, ती इथे मांडते.

आमच्या संगणक कक्षात लिनक्स आहे. त्यात ‘अ‍ॅट’ नावाची कमांड असते. नसेल तर आधी इन्स्टॉल करावी लागते. टर्मिनलवर ‘अ‍ॅट’ लिहून पुढे वेळ द्यायची, एंटर दाबायचं, मग कामाच्या कमांड लिहायच्या आणि शेवटी नव्या ओळीवर कंट्रोल व डी एकत्र दाबायचं. वेळ १७:३० अशी देता येते किंवा ‘आत्तापासून २ तासांनी’ अशीही. दुपारी ४ साठी ‘टीटाइम’ हा शब्दसुद्धा चालतो. मुलं यावर खूप हसली!

रोज वाजणारी शाळेची घंटा म्हणजे ‘क्रॉन’, आणि "आज शाळा तीनलाच सुटेल" ही सूचना म्हणजे ‘अ‍ॅट’. काम एकदा झालं की यादीतून जातं.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, त्या वेळेला लाइटच नसली तर?"

प्रश्न मोलाचा होता. ‘अ‍ॅट’चं राहिलेलं काम रद्द होत नाही. संगणक पुन्हा सुरू झाला की उशिरा का होईना, ते केलं जातं. मी मुलांना दोन कामं दिली: साडेपाचला फायलींची प्रत काढणे आणि साडेपाचला संगणक बंद करणे. लाइट गेली, तर दुसऱ्या दिवशी काय होईल? प्रत सकाळी निघाली तरी बिघडत नाही. पण कालचा बंद करण्याचा हुकूम सकाळी पाळला गेला, तर संगणक सुरू होताच बंद होईल! मुलांनी हे स्वतःच शोधलं.

म्हणून आता आमचा नियम आहे. काम सांगण्याआधी विचारायचं, "उशिरा झालं तर चालेल का?" चालणार नसेल, तर ‘एटीक्यू’ने यादी पाहायची आणि नको असलेलं काम त्याच्या क्रमांकासह ‘एटीआरएम’ देऊन काढायचं.

मुलगा चार वाजता मोटर आधीच बंद दिसली, तर तिला हात लावत नाही. संगणक मात्र परिस्थिती पाहत नाही, सांगितलेलं करतो. तो विचार सांगणाऱ्यानेच आधी करायचा असतो. पालकांनीही घरी मुलांना हा प्रश्न जरूर विचारून पाहावा.