भिंतीवरची लाल पेटी

प्रवासात प्रत्येकाची नजर आपापल्या आवडीचे काही शोधत असते. कोणी देवळांची शिखरे न्याहाळतो, कोणी बाजारपेठ. इचलकरंजीचे एक कापड व्यापारी मात्र कोणत्याही सार्वजनिक इमारतीत पाऊल ठेवताच आधी भिंती पाहतात, मग छत. हॉटेल असो, रुग्णालय असो वा मंगल कार्यालय, आगीची सूचना देणारी यंत्रणा कोठे बसवली आहे हे पाहिल्यावाचून त्यांना स्वस्थता लाभत नाही. "अहो, आधी पाहुण्यांना नमस्कार तरी करा," असे पत्नीने कितीदा म्हटले असेल. पण सवय सुटली नाही.

ही सवय जडली ती १९९७ नंतर. त्या वर्षी १३ जूनला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली आणि धूर वर बाल्कनीत शिरला. प्रेक्षकांना वेळेवर सूचना मिळाली नाही. जादा खुर्च्यांसाठी एका बाजूची वाट बंद केलेली होती. ५९ जणांचे प्राण गेले, ते ज्वाळांनी नव्हे तर धुराने गुदमरून. वृत्तपत्रातील ती हकीकत वाचल्यापासून, सूचना धुराच्या आधी पोहोचली पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली.

पुढे या निरीक्षणात नातवाची साथ मिळाली. आजोबा दाखवीत आणि तो मोजीत असे. छतावरची पांढरी, वाटीएवढी चकती म्हणजे स्मोक डिटेक्टर. धूर वर चढतो म्हणून त्याची जागा छताला. आत बारीक दिवा लुकलुकतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने उगाच गजर होऊ नये म्हणून तेथे उष्णता ओळखणारे उपकरण असते. जिन्यापाशी, दारापाशी, सहज हात पोहोचेल अशी लाल पेटी दिसते. ती माणसाने स्वतः दाबायची. या साऱ्यांच्या तारा स्वागतकक्षाजवळच्या किंवा पहारेकऱ्याच्या खोलीतल्या पॅनेलला जोडलेल्या असतात. कोणत्या भागातून सूचना आली, हे तेथे कळते.

लंडनला लेकीकडे गेले असता तिच्या कार्यालयात त्यांनी एक सूचनाफलक पाहिला. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गजर वाजवून पाहिला जाईल, असे त्यावर लिहिले होते. तेथे हा प्रघातच आहे. अमेरिकेत लाल पेटीवर खाली ओढायचा दांडा असतो आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी गजराबरोबर पांढरा दिवाही चमकतो. रोकड जशी रोजच्या रोज मोजावी, तसा गजरही वरचेवर वाजवून पाहावा, हा हिशेब त्यांना मनोमन पटला.

आपल्याकडे निराळे अनुभव आले. एका हॉटेलात डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी घातलेली प्लास्टिकची टोपी तशीच होती. एका मंगल कार्यालयात लाल पेटी सजावटीच्या पडद्यामागे गेली होती. आणखी एके ठिकाणी पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा लागलेला. विचारले तर व्यवस्थापक हसून म्हणाले, "शेटजी, सारखा वाजतो, म्हणून बंदच ठेवलाय."

यंत्रणाच नसली तर काय होते, हे शिकागोने फार पूर्वी पाहिले. तेथील इरोक्वॉय नाट्यगृह अग्निरोधक म्हणून मिरवले गेले होते. उद्घाटनानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३० डिसेंबर १९०३ रोजी, त्यात सहाशेहून अधिक माणसे दगावली. अग्निशमन दलाला कळवणारी पेटी तेथे नव्हती आणि कित्येक दारे उघडली नाहीत. इंडियानापोलिसच्या एका हार्डवेअर पेढीतील कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होते. कामामुळे राहून गेले. पुढे त्यांनी वास्तुविशारद हेन्री ड्यूपॉन्ट यांच्यासह, अंगाच्या धक्क्याने उघडणारा आडवा दांडा दारांसाठी घडवला आणि १९०८ पासून तो बाजारात आला. दुसऱ्याच्या दुःखातून एका व्यापारी माणसाने काय घेतले, हे आजोबा नातवाला आवर्जून सांगत.

हीच गोष्ट ऐकून एकदा नातवाने विचारले, "आजोबा, आपल्या दुकानात लाल पेटी कुठे आहे?"

आजोबा निरुत्तर झाले. दुकानाचा पोटमाळा कापडाच्या गाठींनी भरलेला. रात्री तेथेच दोन नोकर मुले झोपत. मागच्या बोळात उघडणाऱ्या दाराला दिवाळीच्या मालाची थप्पी टेकलेली, ती कित्येक महिन्यांत हललेली नव्हती. जगभरच्या भिंती तपासणाऱ्या नजरेने आपल्याच पेढीची भिंत पाहिली नव्हती.

त्या रात्री जेवताना विषय निघाला. मुलगा म्हणाला, "बाबा, विमा आहे ना आपला."

"विमा मालाचा आहे," ते म्हणाले. "माळ्यावर झोपणाऱ्या पोरांचं काय?"

दुसऱ्या दिवशी थप्पी हलली. मालाची जागा कमी झाली, गुदामाचे भाडे वाढले. झोपण्याची सोय खाली, मागच्या दाराजवळ केली. डिटेक्टर, लाल पेटी आणि हूटर बसले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. आजोबांनी तेच महिने आपल्या तपासणीसाठी वहीत नोंदवले. शिवाय दर महिन्याला गजर वाजवून पाहण्याचे ठरवले.

पहिल्या चाचणीला शेजारचे दुकानदार घाबरून धावत आले. नातू मागच्या बोळात घड्याळ घेऊन उभा होता. दार उघडून दोन्ही मुले बाहेर आली, तेव्हा काट्याने वीस सेकंदही पुरे केले नव्हते.