शी-शूचं टाइमटेबल

सकाळचे सहा. डोळे अर्धवट मिटलेले, पाय बेडवरून खाली, आणि तळपायाला काहीतरी कोमट, ओलं. गुड मॉर्निंग!

चकली घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी पिल्लू. शेपटी गोल वळलेली, म्हणून चकली. फोटो बघून मित्रमंडळी 'सो क्यूट' म्हणाली. फरशी पुसायला मात्र कुणी आलं नाही.

पहिल्या आठवड्यात सोफा झाला, गादी झाली, लॅपटॉपची बॅग झाली. मग माझा पेशन्स संपला. कुणीतरी सल्ला दिला, 'तिथंच नाक घास, बरोबर शिकते.' घासलं. ओरडलो. पेपरची गुंडाळी जमिनीवर आपटली. आणि चकली खरंच शिकली! माझ्यासमोर शू करेना, सोफ्यामागे जाऊन करायला लागली. संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की दाराशी यायचं सोडून तिथंच लपायची.

'देऊन टाकतो हिला कुणाला तरी,' मी आईला फोनवर म्हटलं. त्या शनिवारी आई सांगलीहून आली. सगळा प्रकार बघितला आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, 'दिवसाला पंधरा दुपटी धुवायचे मी तुझी. नाक नाही घासलं कधी.'

यावर काय बोलणार?

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साधं गणित मांडलं. पिल्लाचं वय जितके महिने, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. फार तर एखादा तास जास्त. म्हणजे चकलीचे दोन-तीन तास. माझं ऑफिस, ट्रॅफिक धरून, दहा तास. चुकत कोण होतं? शिवाय नंतर रागावलं की पिल्लाला एवढंच कळतं, या माणसासमोर शू करणं धोक्याचं!

मग टाइमटेबल बनलं. झोपून उठली, जेवली, खेळून झालं, की लगेच उचलून बाल्कनीत, पेपरवर. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, पार्व्होची भीती, त्यामुळे रस्ता बंद. पेपरवर केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. भलतीकडे केलं तर गप्प पुसायचं, तेही एन्झाइमवाल्या क्लीनरने. फिनाइलने वास आपल्या नाकाला येईनासा होतो, तिच्या नाही. दुपारची ड्युटी शेजारच्या काकूंनी घेतली. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम मागून घेतलं. आणि रात्री दोनचा अलार्म. बाल्कनीत उभं राहून 'कर ना गं राणी' म्हणताना टीममधल्या कुणी पाहिलं असतं, तर संपलंच होतं!

दोन महिने लागले. मध्ये दोनदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण पेपरपेक्षा मी वाट बघत होतो ती दुसऱ्याच गोष्टीची.

परवा रात्री आठला लिफ्टमधून उतरलो, दार उघडलं. चकली समोर! शेपटीच काय, अख्खं अंग हलत होतं. आणि त्या आनंदात तिथंच, माझ्या बुटावर, शू.

मी हसत हसत फडकं आणायला वळलो. ती लपली नाही. माझ्या मागोमाग आली.